सहाव्या रांगेतला हात

सिडकोच्या चौकात वाहतूक पोलिसानं हात वर केला, आणि बद्रीनाथ शेजूळ मोटारसायकलवर बसल्या जागी, मैदानावर लागतो तेवढ्या आवाजात म्हणाला, "हात खाली." शब्द तोंडातून निघून गेल्यावर ते त्याला ऐकू आले. शेजारच्या स्कूटीवरच्या बाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग पोलिसाकडं. हात अजून वरच होता. आपण भर चौकात सरकारला हात खाली करायला सांगितलं हे शेजूळच्या लक्षात आलं तेव्हा अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी, तसं त्याला झालं. पोलीस सावकाश चालत आला, हेल्मेटच्या काचेपाशी वाकला, काय म्हणले असं त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा शाळेतला झाला. सर तुम्ही होय, ओळखलं का, मी दहावी क. शेजूळ म्हणाला, ओळखलं की. हे खोटं त्याला या शहरात वरचेवर बोलावं लागे. निम्मे रिक्षावाले, मोबाईलची दुकानं टाकलेले, नगरसेवकाच्या फलकावर खालच्या ओळीत हात जोडून उभे असलेले, सगळे त्याच्या कवायतीच्या तासाला उभे राहून गेलेले होते आणि त्यातला एकही त्याला आठवत नसे. खोटं पक्कं व्हावं म्हणून तो त्याला पुढं एक वाक्य जोडत असे, तेही सवयीनं जोडलं गेलं: बारीक झालास. पोलिसाच्या पट्ट्याचं शेवटचं भोकही आता थकलेलं दिसत होतं. तो खूश होऊन हसला आणि शेजूळ सरांसाठी त्यानं सगळा जालना रोड मोकळा केला. मागून रिक्षावाला म्हणाला, "चलो ना चचा, सिग्नल कब का छूट गया."

हँडलला दोन शहाळी टांगलेली होती. मुख्याध्यापिका काथार मॅडमनी ती शाळेतर्फे पाठवली होती, आणि जलवाहिनीसाठी खणून पुन्हा बुजवलेल्या रस्त्यावर गाडी उडाली की ती गुडघ्यावर येऊन आदळत, एक गेलं की दुसरं. रुग्णालय रेल्वे स्टेशनच्या बाजूला होतं. तिथं परवापासून अपेक्षा दाभाडे, नववी ब, ही मुलगी होती. पहिला दिवस ती शुद्धीवर नव्हती, काल संध्याकाळी आली. हे नाव शेजूळला परवा दुपारी कळलं. पाचवीपासून ती त्याच्या तासाला उभी राहत होती. आज आपण तिच्या बापाला सांगून टाकायचं, असं त्यानं सकाळी दाढी करताना ठरवलं होतं. काय सांगायचं ते वाक्यही तयार होतं, अगदी लहान: मी तुमच्या मुलीला पाहिलं नाही, तिचा हात पाहिला आणि तो खाली करायला लावला. वाक्य लहान असलं की बोलायला सोपं जाईल असा त्याचा अंदाज होता. हर्सूलकडून येणाऱ्या बसच्या मागं अडकल्यावर त्यानं ते हेल्मेटच्या आत एकदा म्हणून पाहिलं. काचेवर वाफ धरली.

परवा तिसऱ्या तासाला एकत्र तास होता. एकत्र तास हा वेळापत्रकात नसतो, पण शाळेत सगळ्यांना माहीत असतो, घरातल्या सगळ्यांना गळका नळ माहीत असतो तसा. वेळापत्रकात नववी अ पुढं शेजूळ हे नाव होतं, ब पुढं एका शिक्षकाचं, ज्याला निवृत्त होऊन आता नातू झाला होता, आणि क पुढं नुसतं 'नवीन' असं लिहिलेलं होतं. हा नवीन कित्येक वर्षं नवीनच होता. तो रजा घेत नसे, पगार मागत नसे, स्नेहसंमेलनात त्याला नारळ द्यावा लागत नसे, आणि संस्थेचं त्याच्याबद्दल फार चांगलं मत होतं. तेव्हा नववीच्या तिन्ही तुकड्या शेजूळकडंच असत. परवा विज्ञानाच्या मॅडम प्रशिक्षणाला गेल्यामुळं आठवीची एक तुकडी येऊन मिळाली. कुणी शिक्षक आला नाही की तो वर्ग मैदानावर सोडायचा आणि शेजूळ सरांनी तो रांगांत ओतून घ्यायचा, हा शाळेचा रिवाज होता. दोनशेच्या वर मुलं झाली. मैदानाच्या निम्म्यात नव्या इमारतीची वाळू आणि विटा पडलेल्या, त्यामुळं उरलेल्या निम्म्यात ती उभी होती, खांद्याला खांदा नाही पण बोटाला बोट लागेल अशी. मार्च महिना. झेंड्याच्या चौथऱ्यावर उभा राहून शेजूळ हातातल्या माईकवर अंक म्हणत होता आणि दूरच्या भिंतीवरून ते अंक थोडे उशिरा परत येत होते, त्यामुळं शेवटच्या रांगा नेहमी किंचित मागं असत. तेही त्याला आता चूक म्हणून दिसत नसे. समुद्राच्या लाटेचा मागचा भाग मागं असतो, तसंच ते दिसे.

आजारी मुलानं काय करायचं, याचा एक नियम होता आणि तो शेजूळनंच घातलेला होता. पूर्वी बरं वाटत नसलं की पोरं रांगेतून निघून त्याच्याजवळ येत, आणि मुली तर दोघी-तिघी मिळून येत, एकीचं पोट दुखत असे, दुसरी तिच्या वतीनं बोलत असे आणि तिसरी नुसती जमिनीकडं बघत असे. एका मागून दहा येत. रांगा विसकटत. म्हणून माईक आल्यावर त्यानं सांगून टाकलं, कुणी जागा सोडायची नाही, जागेवरच हात वर करायचा, मी इथून खूण करीन, मग गुलमोहराखाली जाऊन बसायचं, कारण विचारणार नाही. मुलींना हा नियम आवडला होता, कारण विचारणार नाही यामुळं. नियम चांगलाच होता. परवा फक्त एवढंच झालं की कवायतीचा तिसरा प्रकार चालू होता आणि त्यात दुसऱ्या अंकाला सगळ्यांचेच हात वर जातात. हात वर गेले. चौथ्या अंकाला खाली आले. सहाव्या रांगेत, डावीकडं, एक हात वर राहिला. पांढऱ्या ओढ्यातून एक काडी वर आलेली असावी तसा तो शेजूळला खुपला. त्यानं अंक न थांबवता, पाच आणि सहाच्या मध्ये, माईकवर म्हटलं, "सहाव्या रांगेतला हात खाली." हात लगेच खाली गेला. अगदी लगेच. त्याला बरं वाटलं होतं. पुढं दोन आवर्तनं झाली आणि त्याच ठिकाणी त्याला फट दिसली, तेव्हा तो म्हणाला, सहावी रांग, जागा भरा, आणि मागची मुलगी पुढं आली, तिच्या मागची तिच्या जागी, शेवटपर्यंत मागची सगळी ओळ एकेक पाऊल सरकली आणि फट नाहीशी झाली. फार सुंदर सरकली. अपेक्षा बाजूच्या विटांकडं पडली ते शेजारच्या दोघींनी पाहिलं होतं, पण अंक चालू होते. अंक चालू असताना मान वळवायची नाही, हे त्यांना पाचवीपासून शिकवलेलं होतं, आणि त्या चांगल्या मुली होत्या. त्यानं आठपर्यंत पूर्ण केलं, मग आणखी एकदा आठपर्यंत, मग खाली बसा म्हणाला. दोनशे मुलं बसली तेव्हा आधीच खाली असलेली एक जण दिसायचं काही कारण नव्हतं. उठा म्हटल्यावर सगळं कळलं.

काथार मॅडम वाईट बाई नव्हत्या. परवा दुपारी त्या स्वतः रुग्णालयात जाऊन आल्या, डॉक्टरांशी बोलल्या, दाभाड्यांना धीर दिला, आणि परत आल्यावर शेजूळला खोलीत बोलावून आधी पंख्याखालची खुर्ची दिली. उन्हाचा झटका आहे, त्या म्हणाल्या, मुलगी फुलंब्रीहून येते, पहाटे निघते, पोटात काही नव्हतं, डोक्याला वीट लागली पण खोल नाही. मग त्यांनी पाण्याचा पेला त्याच्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही तिला पाहिलंत."

"नाही मॅडम."

"पाहिलंत. बसायला सांगितलंत. ती जायला निघाली आणि तेवढ्यात पडली. मी आईवडलांना तसंच सांगून आलेय."

पुढचं त्यांनी फार समजुतीनं सांगितलं. पाहिलं नाही म्हणालात, तर का नाही पाहिलं असं विचारतील. मुलं फार होती म्हणालात, तर किती होती विचारतील. किती ते सांगितलंत, की बाकीचे दोन शिक्षक कुठं होते ते विचारतील. "मग नवीनचं काय करायचं, सांगा," असं म्हणून त्या थांबल्या, आणि क्षणभर दोघांनाही त्या नवीनची खरंच काळजी वाटली, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. त्या म्हणाल्या, मी संस्थेसाठी म्हणत नाही, तुमच्यासाठी म्हणते. शेजूळला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं, पण त्यातला एक भाग खरा होता आणि तोच त्याला त्रास देत होता. मुलं किती आहेत हे विचारलं जाईल, हे तर त्याला हवं होतं. ते कुणीतरी विचारावं असं त्याला फार पूर्वी वाटत असे. फक्त ते विचारलं जाण्यासाठी आधी, मी पाहिलं नाही, हे म्हणावं लागत होतं, आणि त्या वाक्याच्या मागं दुसरं उभं होतं, की मी हात पाहिला.

फर्दापूरच्या शाळेत तीसेक मुलं होती. तिथं तो पहिल्यांदा नोकरीला लागला तेव्हा मैदान म्हणजे रस्त्याच्या कडेचं एक पडीक होतं, लेण्यांकडं जाणाऱ्या बस हॉर्न वाजवत जात आणि पोरं पळता पळता परदेशी लोकांना हात करत. पोरांना पाठमोरं उभं करून तो टाचा बघे. कोण आतल्या बाजूनं पाय झिजवतो, कोण एक खांदा वर धरतो, कुणाच्या छातीत पळल्यावर बारीक शिट्टी वाजते. कृष्णा नावाचा एक होता, पळायला सगळ्यांत पुढं, पण वळताना नेहमी उजवीकडूनच वळायचा. शेजूळनं चार-आठ दिवस ते पाहिलं आणि त्याच्या बापाला सांगितलं की पोराच्या डाव्या डोळ्याचं बघा. डोळा खरंच मंद होता. बाप म्हणाला, "आमी घरात हाये रातंदिस, आमाला नाय दिसलं, तुमाला कसं वो दिसलं मास्तर." त्यात काही विशेष नव्हतं. तीस मुलं डोळ्यांत मावतात. पावसाळ्यात वर्गात बसवून घेतलं की तो फळ्याकडं तोंड करून उभा राही आणि मागून कोण चालत गेलं ते नुसत्या पावलांवरून सांगे, पोरं ओरडत, सर फिरले होते, सर फिरले होते. आता रस्त्यातले बुजवलेले चर ओलांडत गाडी चालवताना त्याला ती पावलं आठवेनात, फक्त आपल्याला ती ओळखू येत असत हे आठवलं. घराचा पत्ता पाठ असावा आणि घर आठवू नये, तसं.

शहरात आल्यावर पहिल्या एकत्र तासाला त्याला घाम फुटला होता. इतके चेहरे, आणि सगळे एकदम त्याच्याकडं बघणारे. रात्री झोपेत ते चेहरे येत. मग तो शिक्षकांच्या सभेत उठला आणि म्हणाला की एका वेळी पन्नासच्या वर मुलं मैदानावर देऊ नयेत, माणसाला पन्नासच्या पुढं दिसत नाही. संस्थेचे अध्यक्ष त्या सभेला होते. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "सर, वर्गाला भिंती असतात म्हणून मर्यादा असते. मैदानाला तर वर आभाळ आहे." टाळ्या पडल्या. शेजूळनंही टाळ्या वाजवल्या, कारण वाक्य चांगलं होतं आणि सगळे वाजवत होते. त्यानंतर संस्थेनं त्याला पन्नास मुलं दिली नाहीत, माईक दिला. आणि माईक आल्यावर एक गोष्ट झाली जी त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही: त्याला बरं वाटू लागलं. चौथऱ्यावरून चेहरे दिसत नसत. पांढरे सदरे दिसत, निळ्या विजारी आणि निळे स्कर्ट दिसत, रांगा दिसत, आणि एका शब्दासरशी ते सगळं वळे. झोप लागू लागली. कवायतीच्या स्पर्धेत शाळा पुढं येऊ लागली, पाहुणे त्याला भेटून म्हणू लागले की एकच मूल दोनशे वेळा उभं केल्यासारखं वाटतं हो, आणि त्याला ते स्तुतीसारखं ऐकू आलं होतं. शेजूळ सरांना कितीही द्या, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणू लागले. तो ते हसून उडवून लावी आणि मनात ठेवी. कितीही द्या. जणू मुलं ही धान्यासारखी होती आणि तो पोतं होता. क्रांती चौकातल्या वळणावर दोन्ही शहाळी एकदम गुडघ्यावर आली आणि त्याला वाटलं, आता हे खरंच मोडेल, गुडघा किंवा शहाळं किंवा काहीतरी तिसरंच, पण काही मोडलं नाही. गाडी पुढं गेली.

सकाळी घरी पाणी आलं होतं. पाणी येण्याच्या दिवशी कॉलनीत बोलणं सगळं ओरडूनच होतं, मोटारींच्या आवाजामुळं, आणि त्याची बायको अमृता हातात नळी धरून टाकीच्या तोंडाशी उभी होती. तिला परवापासून तो जेवढं सांगत होता तेवढंच माहीत होतं आणि तेवढ्यावरून तिनं बाकीचं ओळखलेलं असावं, कारण ती काही विचारत नव्हती. आज मात्र तिनं विचारलं, नळी दुसऱ्या पिंपात टाकता टाकता, "दिसायला कशी आहे हो ती?" सावळी आहे, तो म्हणाला, दोन वेण्या घालते. शाळेत सगळ्याच मुलींना दोन वेण्यांचा नियम होता, आणि तो नियम अमृतालाही माहीत होता. पिंप भरून वाहू लागलं तरी तिनं नळी काढली नाही, आणि या शहरात असं करणारी बाई एक तर वेडी असते किंवा रडत असते.

रुग्णालयाच्या जिन्यात राजेंद्र दाभाडे उभा होता. शेजूळनं त्याला ओळखलं नाही. दाभाड्यानं ओळखलं, आणि पुढं होऊन आधी हातातली शहाळी घेतली, मग वाकला. शेजूळनं त्याचे खांदे धरून त्याला वर केलं. वाळूजच्या एका कंपनीचा निळा शर्ट होता, पाळी सोडून आलेला दिसत होता, डोळे जागरणानं सुजलेले. मागं भिंतीला टेकून त्याची बायको मेघा उभी होती, पदर तोंडाशी धरून. शेजूळ म्हणाला, दाभाडे, मला तुम्हाला एक सांगायचंय. दाभाडे म्हणाला, "काय सांगू नका सर. मॅडमनी सगळं सांगितलंय आमाला. तुमचं ध्यान गेलं म्हणून पोरगी वाचली. नायतर एवढ्या पोरायत कोण कुनाला पाहतं." मेघा म्हणाली, एवढ्या लांबून कसं दिसलं असंन सरला, मी तेच म्हणते. दाभाड्यानं बायकोला समजावून सांगितलं की सरांची नजरच तशी असते, त्यांचं कामच ते. त्याच्या बोलण्यात एक अभिमान होता. पोरगी अशा शाळेत आहे, जिथं दोनशेंत एक हात वर झाला तर दिसतो. फुलंब्रीतून रोज पहाटेच्या गाडीनं पोरीला शहरात धाडायचं कशासाठी, असं भावकी विचारत असे, तो म्हणाला, त्यांना आता सांगायला झालं. शेजूळ उभा होता. त्याचं लहान वाक्य तोंडात तयार होतं आणि त्याला आता दिसत होतं की ते म्हटलं तर या माणसाची मुलगी जास्त बरी होणार नाही की बिघडणार नाही, फक्त त्याला परवापासून मिळालेली एवढी एक चांगली गोष्ट जाईल. ही दया होती की सोय होती, हे ठरवायला त्याला थोडा वेळ हवा होता. तेवढ्यात नर्स म्हणाली, एकानंच आत जा, लवकर या.

आत सहा खाटा होत्या. तो दारात उभा राहिला. डावीकडं एक मुलगी होती, सावळी, दोन वेण्या, डोक्याला पट्टी. समोर खिडकीजवळ दुसरी होती, केस मोकळे, हाताला सलाईन. पलीकडं तिसरी पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलेली होती, तिच्याबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. डावीकडच्या मुलीकडं बघून तो हसला, शिक्षक हसतात तसा, आणि दोन पावलं तिच्याकडं गेलाही. ती मुलगी त्याच्याकडं अनोळखी नजरेनं बघत राहिली आणि मग तिनं उशाशी बसलेल्या आपल्या आईकडं पाहिलं. खिडकीजवळून बारीक आवाज आला, "सर, इकडं." वेण्या सोडल्यामुळं ती दुसरीच कुणीतरी झाली होती. किंवा पहिल्यांदाच कुणीतरी झाली होती, असं त्याला वाटून गेलं. ती सावळी नव्हती. हनुवटीवर एक जुना व्रण होता, भुवया जाड होत्या, एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. टाचा पांघरुणाबाहेर होत्या, आणि सवय अजून कुठंतरी शिल्लक असावी, कारण त्याला लगेच दिसलं की डावी टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली आहे. ही मुलगी उभी राहताना एकाच पायावर भार देत असणार. पाच वर्षं देत असणार. तो स्टूल ओढून बसला.

तो म्हणाला, अपेक्षा, परवा मैदानावर, आणि तिथं थांबला. पुढचं वाक्य सुरू करायला बापापेक्षा पोरीपुढं जास्त ताकद लागते हे त्याला माहीत नव्हतं. मग ती स्वतःच बोलली.

"सर, माईकवर तुम्ही मलाच म्हणले ना?"

"काय?"

"सहाव्या रांगेतला हात खाली. मलाच ना?"

"हो," शेजूळ म्हणाला. "तुलाच."

परवा मॅडमच्या खोलीतून निघाल्यापासून त्यानं बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची त्यानं तयारी केलेली नव्हती. ती लाजली. आमच्या वर्गातल्या सोनियाशी पैज लावली होती मी, ती म्हणाली, ती म्हणत होती सर कुणाला ओळखत नसतात, उगंच रांगेचा नंबर घेतात. मग तिचा आवाज खाली गेला आणि तिनं सांगितलं की तिला चक्कर येत होती, पण हात कोणत्या अंकाला वर करायचा ते कळेना, आधी केला असता तर कवायतीतला वाटला असता आणि नंतर केला तर चुकीचा दिसला असता, म्हणून ती दुसऱ्या अंकाला सगळ्यांबरोबर वर घेऊन गेली आणि खाली आणलाच नाही, म्हणजे दोन्ही होईल. तिनं ते नीट विचार करून केलं होतं. शेजूळला दिसलं की दोनशे मुलांत या एकीनंच त्याच्या नियमातली अडचण ओळखली होती आणि त्यावर तोडगाही काढला होता. ती म्हणाली, "सॉरी सर. माझ्यामुळं रांग मोडली. परवा पाहुणे असते तर नंबर गेला असता आपला." आणि वाट बघत राहिली. सलाईनचा थेंब पडायचा, थांबायचा, पुढचा पडायचा. म्हणायचं होतं ते सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं, वाक्य लहानच होतं, आणि तोंडातून आलं ते गेली पंचवीस वर्षं येत होतं तेच.

"असू दे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी लक्ष ठेव."

ती हो म्हणाली. तिचं समाधान झालं होतं. तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवावा की काय या विचारात थोडा उभा राहिला, मोकळ्या केसांखाली पट्टी कुठवर आहे ते कळेना म्हणून नुसता पांघरुणाला हात लावून त्यानं ते टाचांवरून ओढून घेतलं आणि बाहेर आला. बाहेर मेघानं एक शहाळं सोलायला नेलं होतं आणि राजेंद्र दाभाडे जिन्यापाशी त्याची वाट बघत होता. चार पायऱ्या त्याच्याबरोबर उतरून तो म्हणाला की डॉक्टर पंधरा-वीस दिवसांनी शाळेत जा म्हणतात, तिनं तर आजच विचारलं. मग इकडंतिकडं बघून, मागायचं कसं असं झालेल्या आवाजात तो म्हणाला, "सर, एक इनंती व्हती. ती माघारी आली का तिला पहिल्या रांगेत उभं करा. तुमच्या नजरंत राहीन. मग आमाला घोर नाय." शेजूळ म्हणाला, करतो. पहिल्याच रांगेत. दाभाड्यानं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

खाली गाडीला किल्ली लावून तो बसून राहिला. हँडल हलकं झालं होतं. मैदानाच्या उरलेल्या निम्म्यात पहिल्या रांगेला जेवढी जागा होती तेवढी मुलं तिथं आधीच उभी होती. वाळू हलल्याशिवाय तिथं आणखी एक मावणार नव्हतं, आणि वाळू इमारतीसाठी होती. म्हणजे एकाला मागं पाठवायला हवं. तब्येतीनं चांगलं, दम असलेलं, सहाव्या रांगेत विसरलं तरी चालेल असं कुणीतरी. कोणाला, ते आताच ठरवून टाकावं, म्हणून त्यानं डोळे मिटले आणि पहिली रांग समोर आणली. बूट आले. मोजे आले, कुणाचे वर ओढलेले, कुणाचे उतरलेले. पट्टे आले, पांढरे सदरे आले, गळ्यापर्यंत सगळं आलं आणि तिथं थांबलं. त्यानं थोडी वाट पाहिली. मग दुसरा काही उपाय दिसेना म्हणून तो मनातल्या मनात, नेहमीच्या आवाजात म्हणाला, पहिल्या रांगेतल्या कुणीतरी एकानं मागं जा. आणि चांगली मुलं होती ती. सगळ्यांनी एकदम एक पाऊल मागं घेतलं.